खुर्चीच्या पायांच्या खुणा

केप्याच्या सड्यावर, नवं वसतिगृह व्हायचं तिथे,
मी पंधरा दिवस नुसती उन्हं मोजत होते.
होकायंत्र, तापमापक, लॅपटॉपवर सूर्याची कमान,
आणि पिशवीत कुलसचिवांची चिठ्ठी:
एकशे वीस खोल्या, एकशे वीस एसी,
वीजबिल मात्र निम्मं.
खालची सही इतकी ठाम
की तिला गणित विचारायचं धाडस होईना.

जुन्या वसतिगृहात गेले. ऑगस्ट, दुपारचे तीन.
मुली वर्गात, आणि तिसऱ्या मजल्यावर
सगळे पंखे पाचवर.
कुणासाठी, म्हणून दार ढकललं,
तर पंख्याखाली दोरी. दोरीवर
जीन्स, प्रयोगशाळेचे पांढरे कोट,
आणि चार दिवस न वाळलेला एक टॉवेल
झोपेत कूस बदलावी तसा हलणारा.

नेत्रावळीची सुलक्षा वेळीप पुस्तक न्यायला आली.
म्हणाली, मॅडम, उकाड्याची सवय आहे आम्हाला.
ओल्या कपड्यांची होत नाही.

मग मी एसीचा कागद उलटा ठेवला
आणि त्याच्या पाठीवर कपडे वाळवायची गॅलरी काढली.
वारा हवा, पाऊस नको.
जाळी ठेवली तर दोघं आत येतात,
भिंत घातली तर दोघं बाहेर राहतात,
कारण जुलैत दोघं एकाच दिशेने येतात,
समुद्राकडून, एकाच बसने आल्यासारखे.
आठ दिवस मी तिथेच अडले.
संगणकाने निळे-लाल बाण काढून दाखवले,
सुंदर होते. उत्तर नव्हतं.

रात्रपाळीचा इनास कार्दोझ
निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसतो.
एप्रिलमध्ये काजूखाली. थंडीत पूर्वेच्या कुडाला पाठ लावून.
आणि पावसाळ्यात
कँटीन आणि जनरेटरची खोली यांच्यामधल्या बोळात,
जिथे एक भिंत दुसरीच्या हातभर पुढे सरकली आहे.
गवंड्याची चूक, असं मला कुणीतरी सांगितलं होतं.
तिथे लाल मातीत चार खड्डे आहेत,
खुर्चीच्या पायांचे,
एकोणीस पावसाळे खोल.

मी तिथे उभी राहिले. बाहेर धो धो.
केस उडत होते, खांदे कोरडे.
इनास चहाचा ग्लास हातात फिरवत म्हणाला,
वारो वळटा गो बाये, पावस वळना.

बस, एवढंच.
दुसऱ्या दिवशी गॅलरीची जाळी मी मोडली
आणि जांभ्याच्या दोन-दोन भिंती घातल्या,
एकीच्या पुढे दुसरी, हातभर सरकलेली,
मुद्दाम केलेली चूक, प्रत्येक मजल्यावर.
वर काचेची दोन कौलं,
थोडं फार ऊन पडलंच तर वाया जाऊ नये.
खोल्यांच्या खिडक्या दक्षिणोत्तर वळवल्या,
पश्चिमेला जिने आणि न्हाण्या:
संध्याकाळचं ऊन त्यांनी सोसावं.
एसी उरले सहा. तेही संगणक कक्षात.

बैठकीत वीज खात्याचे फुर्तादोसाहेब
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
बचतीचा आधार काय? संदर्भ कुठला?
मी लिहिलं: स्थानिक निरीक्षण, एकोणीस वर्षं.
त्यांनी त्यावर टिकमार्क केला. वाचला की नाही, माहीत नाही.

काल नकाशा इनासला दाखवला.
त्याने तो उलटा धरला,
मग सुलटा,
मग बोट फिरवत राहिला बराच वेळ,
खोल्या, जिने, भोजनगृह, सौर पत्रे,
एकशे वीस खाटा, एकशे वीस टेबलं.
काय शोधतोयस, मी विचारलं नाही.
मला कळलं होतं.
फाटकाशी मी जी केबिन काढली होती,
ती दरवेळी काढते तशीच:
पत्र्याचं छप्पर, पश्चिमेला खिडकी,
सहा बाय सहा.

खोडरबर शोधला. मिळाला नाही.
बोटानेच पुसली, कागदावर
पेन्सिलीचा काळा ढग राहिला आहे
फाटकाच्या जागी.

टेंडर सोमवारी.